इमारतीच्या पाण्याची तयारी: पाणी कुठे थांबतं ते आधी शोधा

इमारतीच्या पाण्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: टाकी धुऊन घेतली आहे. टाकी धुवायलाच हवी. पण टाकीतून निघालेलं पाणी नळापर्यंत पोचताना कुठे रेंगाळतं, कुठे कोमट होतं, हे सहसा कुणी पाहत नाही आणि जंतूंची खरी वस्ती तिथेच असते. म्हणून जंतूंपासून पाणी राखण्याची तयारी टाकीवर चढून सुरू करू नका. कागद-पेन्सिल घ्या, बाहेरून पाणी आत येतं तिथून निघा आणि शेवटच्या नळापर्यंत लाईनबरोबर चाला.

जुना आराखडा हाताशी असला तरी त्यावर विसंबू नका. कधीतरी बेसिन काढलं आणि मुख्य लाईनमधून त्याच्याकडे जाणारा पाइप, म्हणजे फांदी, भिंतीत तशीच ठेवून वर प्लग मारला, असं कागदावर सापडत नाही. ते जुन्या प्लंबरला विचारावं लागतं. अशा तोंड बंद केलेल्या फांद्या लाल शाईने दाखवा. तिथलं पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. त्यातलं क्लोरीन संपतं, पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो आणि त्यातले जंतू मुख्य लाईनमध्ये उतरत राहतात. ही फांदी मुख्य लाईनपाशीच कापायची. टोकाला आणखी एक प्लग मारून काही साधत नाही.

याच फेरीत जिथे पाण्याचे तुषार उडतात त्या जागाही लिहून घ्या: शॉवर, कारंजं, वातानुकूलनाचा कूलिंग टॉवर (यंत्रणेतलं गरम पाणी हवेत फवारून गार करणारा मनोरा). कारण लेजिओनेला हा जंतू मुख्यतः पिण्यातून नाही, तर श्वासातून गेलेल्या बारीक थेंबांतून फुप्फुसात पोचतो आणि न्यूमोनिया करतो. स्वयंपाकघरातला वॉटर प्युरिफायर इथे काहीच कामाचा नाही. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं, त्यानंतरच्या न्यूमोनियाच्या साथीत १८२ रुग्ण आढळले आणि २९ जण दगावले. त्यामागे हाच जंतू आहे हे ओळखायला जानेवारी १९७७ उजाडलं. वयस्कर माणसं, धूम्रपान करणारे, फुप्फुसाचे जुने रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले यांना धोका जास्त. तेव्हा अशी माणसं इमारतीच्या कोणत्या भागात राहतात किंवा येतात तेही नकाशावर असू द्या.

मग थर्मामीटर घ्या. लेजिओनेलाला साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं, म्हणून गार पाणी गारच आणि गरम पाणी खरोखर गरम ठेवायचं. मध्यवर्ती हीटरच्या साठ्यात ६० अंश, फिरून परत येणाऱ्या लाईनमध्ये निदान ५० आणि गार पाणी जमल्यास २० च्या आत. वीज वाचवायची म्हणून साठ्याचा हीटर ४५ वर आणून ठेवणारे हुशार लोक जंतूंची उत्तम सोय करतात. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हणून लहान मुलं आणि वृद्ध वापरतात त्या नळांजवळ तापमान उतरवणारा मिक्सिंग वॉल्व्ह बसवा; साठ्याचं तापमान खाली आणू नका. हवाच इतकी उष्ण असेल की गार पाणी २५ च्या खाली जातच नाही, तर सगळा भार क्लोरीनवर आणि पाणी वाहतं ठेवण्यावर येतो.

क्लोरीन टाकीजवळ मोजून समाधान मानू नका. सर्वांत लांबच्या नळाला मुक्त क्लोरीन (जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं) लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम यायला हवं. साध्या किटने हे दोन मिनिटांत कळतं: गोळी टाकल्यावर पाणी जितकं गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर गेला की तेवढ्याच क्लोरीनचा जोर कमी पडतो, म्हणून तोही लिहा.

टाकीचं काम त्या मानाने सोपं आहे. झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी, पाणी एका बाजूने आत आणि समोरच्या बाजूने बाहेर. धुताना आधी गाळ काढा, मग क्लोरीन. गाळावर ओतलेलं क्लोरीन गाळच खाऊन टाकतो. टाकी गरजेपेक्षा फार मोठी असेल तर साठा कमी करा, दिवसाकाठी पाणी बदललं पाहिजे. कूलिंग टॉवरला थेंब अडवणाऱ्या जाळ्या शाबूत हव्यात आणि त्याची वाफ इमारतीच्या ताज्या हवेच्या तोंडाकडे जाता कामा नये.

न वापरलेले नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहू द्या. ज्याच्याकडे हे काम आहे त्याला सांगा की शॉवरचं तोंड काढून ठेवायचं किंवा त्यावर पिशवी बांधायची. नाहीतर जंतूंचे तुषार पहिल्यांदा त्याच्याच छातीत जातील. एरेटर (नळाच्या तोंडाची जाळी) आणि शॉवरची जाळी काढून त्यातला क्षार खरवडायचा. इमारत काही आठवडे बंद असेल तर उघडण्याआधी प्रत्येक नळ, गार आणि गरम दोन्ही, वाहतं ठेवून साचलेलं पाणी पूर्ण काढायचं.

या सगळ्याची वही ठेवा, पण रकाने भरण्यापुरती नको. प्रत्येक मोजमापाशेजारी मर्यादा, ती ओलांडली तर काय करायचं आणि कोण करणार, हे आधी लिहिलेलं हवं. तो माणूस रजेवर असला तर दुसरं नावही. बरेच आराखडे इथेच बारगळतात: आकडा घसरलेला दिसतो, सही होते, वही मिटते.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल तर बाटली सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन, घातलेली मागा. नाहीतर वाटेत उरलेलं क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. लेजिओनेलाचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) व्हायला साधारण १० दिवस लागतात, तोवर थांबू नका. तापमान आणि क्लोरीन चुकलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा.