थर्मोस्टॅटिक शॉवरचं कार्ट्रिज घरच्या घरी कसं दुरुस्त करावं

शॉवरचं पाणी कोमटच राहतं किंवा मध्येच चटका देतं? आधी बेसिनचा गरम नळ सोडून बघा. तिथे पाणी कडक येत असेल, तर गीझर ठीक आहे. बिघाड बहुतेक कार्ट्रिजमध्येच आहे, म्हणजे मुठीच्या आत बसणाऱ्या, गरम-थंड पाणी मिसळून तापमान स्थिर ठेवणाऱ्या सुट्या भागात.

कार्ट्रिजच्या पोटात मेणाची छोटी कुपी असते. पाणी तापलं की मेण फुगतं, दट्ट्या सरकतो आणि गरम पाण्याची वाट अरुंद होते. निवलं की स्प्रिंग दट्ट्याला मागे आणते. इंदूरच्या बऱ्याच घरांत नर्मदेच्या पाण्याला बोअरिंगची जोड असते. बोअरिंगच्या पाण्यातला चुना बसला की हा दट्ट्या अडकतो. म्हणून प्लंबरने पूर्ण व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं, तरी आधी कार्ट्रिज काढून बघाच.

गीझरचा स्विच बंद करा. गरम आणि थंड, दोन्ही लाइनचे कॉक बंद करा. शॉवर सोडून उरलेलं पाणी काढा आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू हमखास तिथेच जातो. मुठीवरचं झाकण उचकटून स्क्रू काढा. काही मुठींना एलन की लागते. मूठ निघाली की आतल्या दांड्याचा आणि प्लास्टिकच्या रिंगचा मोबाइलवर फोटो घ्या. ती रिंग एक दातही इकडेतिकडे बसली, तर तापमानाचे आकडे चुकतात. मग पान्याने नट सोडवा आणि कार्ट्रिज सरळ बाहेर ओढा. घट्ट बसलं असेल तर हलकेच डावी-उजवीकडे हलवा. पक्कडीने दांडा पिळू नका.

बाजूच्या बारीक जाळ्यांवर पांढरट खर दिसेल. नखाने खरवडली तर पिठासारखी सुटते. कार्ट्रिज तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड अजिबात वापरू नका, ते क्रोम आणि रबर दोन्ही खातं. कार्ट्रिज बसतं ती भिंतीतली जागाही पुसून घ्या. चिरलेल्या रबरी रिंगा बदला आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन किंवा खोबरेल तेलाने रबर फुगतं.

एवढं करूनही तापमान स्थिर राहत नसेल तर मेण कामातून गेलं. ते दुरुस्त होत नाही, कार्ट्रिजच नवीन लागतं. जुनं सोबत घेऊनच इंदूरच्या सियागंज बाजारात जा. दांड्याचे दात आणि लांबी दुकानातच जुळवून बघा, नुसत्या कंपनीच्या नावावर घेऊ नका.

बसवताना गरम-थंडची खूण उलटी होऊ देऊ नका. कॉक हळूहळू उघडा. थर्मामीटर धरून पाणी 38 अंशांवर आणा आणि मूठ त्याच आकड्यावर बसवा.

शेवटी शॉवर चालू ठेवून थंड पाण्याचा कॉक बंद करा. काही सेकंदांत धार जवळजवळ थांबली पाहिजे. गरम पाणी येतच राहिलं, तर नवीन कार्ट्रिज बसेपर्यंत मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो शॉवर वापरू देऊ नका.