ब्रेक दाबताच हँडल थरथरतंय? डिस्क बदलण्याआधी या चुका टाळा

बाइकचा पुढचा ब्रेक दाबला की हँडल थरथरतं, आणि निदान ठरलेलं असतं : 'डिस्क वाकली.' नवी डिस्क येते, गाडी काही दिवस छान थांबते आणि मग तीच थरथर परत येते. माझं हेच झालं. नवी डिस्क पुन्हा उतरवली तेव्हा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर), एका बोल्टच्या भोकाशेजारी, जुन्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात त्या गोंदाचा) नखाएवढा खपला आणि गंजाचा पापुद्रा दिसला. मी डिस्क त्याच्यावरच कसली होती. बैठक तिरकी, म्हणून डिस्क डुलत फिरत होती. ब्रेक सोडलेला असतानाही दर फेरीला ती एकाच जागी पॅडला घासते, तिथली जाडी हळूहळू बदलते आणि मग लिव्हर बोटांना ढकलायला लागतो. म्हणून तर थरथर लगेच आली नाही. हबची बैठक पुसून, खरवडून स्वच्छ केल्याशिवाय डिस्क बसवू नका.

पण त्याच्याही आधीची चूक म्हणजे थरथर नेमकी कुठे आहे, हे न पाहणं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर आधी फक्त मागचा ब्रेक लावून वेग कमी करा. तरीही हँडल हललं तर पुढच्या डिस्कला दोष देऊ नका. टायर, रिम, चाकाचं बेअरिंग बघा. मग पुढचा ब्रेक हलका दाबा. लिव्हर बोटांखाली धडधडतोय आणि गाडी हळू होईल तशी धडधडही मंदावतेय? मग डिस्क. लिव्हर शांत पण हँडल हलतंय? मग कोन सेटकडे, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगकडे वळा. (जोरात दाबल्यावर एबीएस लिव्हरला धक्के देतं, तो बिघाड नव्हे.)

कोन सेट तपासताना नुसता ब्रेक धरून गाडी पुढेमागे हलवली, की 'टक्' आवाज कुठून आला ते कळत नाही. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) आतल्या झिजलेल्या बुशचाही तसाच आवाज येतो. पुढचं चाक उचला, दोन्ही फोर्क खालून धरून पुढेमागे ओढा आणि दुसऱ्या कुणाला फ्रेम आणि फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पच्या मधल्या फटीवर बोट ठेवायला सांगा. धक्का तिथे लागला तर कोन सेट ढिला आहे. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मधोमध अडकत असेल तर मात्र कसून उपयोग नाही, तो बदलावाच लागेल. जास्त कसलात तर हँडल जड होतं आणि कमी वेगात गाडी डुलते.

डिस्क डोळ्यांनी मोजू नका. डुलणं डायल गेजवर (सुईने बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापकावर) बघा. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास असते, तुमच्या गाडीची तिथेच सापडेल. जाडी मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी घ्या. व्हर्निअर इथे फसवतो, कारण डिस्कच्या न झिजलेल्या कडेवर त्याचे जबडे टेकतात. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क मात्र लगेच बदला.

कधीकधी डिस्क सरळच असते, पण तिच्यावर पॅडचा डाग चढलेला असतो. उतारावरून तापलेल्या ब्रेकने थांबून लिव्हर तसाच दाबून ठेवला की पॅडचा ठसा उमटतो. ब्रेक क्लीनर आणि बारीक पॉलिश पेपरने तो बहुतेक वेळा निघतो. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सुक्या पिना आणि अडकलेले पिस्टन त्याच वेळी बघून घ्या.

चाक परत बसवताना एक्सल कसा, गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरा, फोर्क तीन-चार वेळा दाबा आणि मगच एक्सलचे पिंच बोल्ट (फोर्कच्या टोकाशी एक्सल घट्ट धरणारे बोल्ट) आवळा.