टेकडीवरचा पक्षी ग्रुप: फाल्गुन ते वैशाख काय करायचं आणि काय करायचं नाही

दरवर्षी पळस फुलला की कोणीतरी विचारतंच, आमच्या सोसायटीत पण पक्ष्यांचा ग्रुप काढायचाय, सुरुवात कशी करू. आम्ही पुण्यात टेकडीवर बरीच वर्षं हे करतोय, चुका पण भरपूर केल्यात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुण्याबाहेरच्या लोकांनी झाडं आणि तारखा आपापल्या गावाप्रमाणे पुढेमागे करून घ्या.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं पक्षी बघायचे ते थंडीत, भिगवणला जाऊन, उजनीच्या पाण्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे, पट्टकादंब हंस बघायचे, वडापाव खायचा आणि परत. भिगवण भारीच आहे, नाही कोण म्हणतंय, कुंभारगावच्या नावाड्यांना पक्षी आपल्यापेक्षा जास्त कळतात. पण ग्रुप तयार होतो तो घराजवळच्या एकाच जागी दर रविवारी गेल्यावर. तोच रस्ता, तीच झाडं. तिसऱ्या-चौथ्या वेळी लोकांना आपोआप कळायला लागतं की अरे, मागच्या आठवड्यात इथे भोरड्या (गुलाबी मैना) होत्या, आता नाहीत.

तर पहिलं काम, जागा ठरवा. दीड-दोन किलोमीटरचा रस्ता पुरे. त्यात थोडी दाट झाडी, थोडं मोकळं गवत आणि जमलं तर पाणी. वेताळ टेकडीवर खाणीत साठलेलं पाणी आहे, पाषाणला तलाव आहे, तुमच्याकडे नाला असेल, विहीर असेल, काहीही चालतं. स्वतः आधी दोनदा जाऊन या. आम्ही पहिल्या वेळी न बघता तीस लोकांना घेऊन गेलो, आठ वाजता निघालो, ऊन चढलेलं, तीस लोक एकाच वेळी गप्पा मारतायत, आणि दीड तासात दिसलं काय तर कावळे, कबुतरं आणि एक घार. त्यातले चारच जण दुसऱ्या रविवारी आले.

तेव्हापासून दहा-बाराच्या वर लोक नेत नाही. जास्त आले तर दोन तुकड्या करायच्या. वेळ म्हणजे उजाडताना सुरुवात, मार्चमध्ये साडेसहाला आणि एप्रिल-मे मध्ये सहाला, साडेआठला संपवायचं. त्यानंतर पक्षी पण सावलीत बसतात.

दुर्बीण नसेल तरी या म्हणावं, दहा जणांत तीन-चार दुर्बिणी फिरवल्या तरी चालतं. कोणाला घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ सांगा. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जितका जास्त तितका उजेड जास्त. बारापट-वीसपट वाल्या घेऊ नका, हात थरथरतो आणि झाडावरचा पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो.

फाल्गुन: झाडाखाली उभं राहा

नवीन लोकांसाठी सगळ्यात सोपा कार्यक्रम हा. काटेसावर, पांगारा, पळस, यातलं एखादं फुललेलं झाड शोधायचं आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर अर्धा तास नुसतं उभं राहायचं. चालायचं नाही. मध प्यायला बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, चष्मेवाला, पोपट, कोतवाल, सगळे तिथेच येतात, तुम्हाला शोधत फिरायची गरजच नाही. गुलाबी मैना म्हणजे भोरड्या याच दिवसांत थव्याने दिसतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघून जातात, तिकडेच त्यांची घरटी. मुलांना हे सांगा, की हा पक्षी आपल्याकडे फक्त जेवायला आणि झोपायला येतो.

पक्षी ओळखायला मर्लिन अ‍ॅप आहे, आवाजावरून पण सांगतं, पण त्याने सांगितलं म्हणजे झालं असं धरू नका, डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत घालायचं नाही. यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर चाललात, आणि ओळखलेला प्रत्येक पक्षी, अंदाजे संख्येसकट. प्रत्येक म्हणजे कावळा, चिमणी, कबूतर पण. लोक इथे कंटाळा करतात, कावळा काय लिहायचा म्हणून. पण असं करत करत देशभरातल्या हजारो लोकांच्या याद्या जमल्या, त्यावरून २०२३ मध्ये भारतातल्या ९४२ जातींचा आढावा निघाला आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं कळलं. पुढे चिमणी कमी झाली की नाही हे तुम्ही आज चिमणी लिहिली असेल तरच कळणार ना.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची जागतिक गणना असते, त्यात कमीत कमी पंधरा मिनिटांची यादी चालते. आमच्या ग्रुपमधल्या एका आजींना गुडघ्यामुळे टेकडी चढता येत नाही, त्या गॅलरीत चहा घेत पंधरा मिनिटं मोजतात. ग्रुपमधल्या सगळ्यात नियमित याद्या त्यांच्याच आहेत, आम्ही जवान मंडळी मात्र रविवारी उठायला रडतो.

याच महिन्यात अजून एक काम उरकायचं, मांजा काढणं. संक्रांत झालेली असते, झाडांवर दोरे लटकत असतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली तरी तो मिळतोच आणि लटकतोच. लांब काठीला आकडा लावायचा, दोरा एखाद्या बाटलीभोवती गुंडाळत जायचं, हातात जाड हातमोजे. विजेच्या तारांच्या जवळपास पण जायचं नाही, तिथलं काम वीजवाल्यांना नाहीतर फायर ब्रिगेडला कळवायचं.

आणि टेकडीवाल्यांनी वणव्याचं लक्षात ठेवा. फेब्रुवारीपासून गवत कडकडीत वाळतं, कोणीतरी सिगरेट टाकतं किंवा मुद्दाम पेटवतं. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, वन विभाग काढतो, त्यांना विचारून दोन सकाळी हात लावायला जा. स्वतःच्या डोक्याने गवत पेटवून पट्टा काढायला जाऊ नका, हे हात जोडून सांगतो.

चैत्र: आता घरट्यांपासून लांब

२० मार्चला चिमणी दिवस असतो, त्या दिवशी सगळीकडे लाकडी घरटी वाटतात. वाटा, पण नीट वाटा. भोक साधारण ३२ मिलिमीटरचं हवं, म्हणजे सव्वा इंच. मोठं ठेवलंत तर साळुंकी आत घुसते. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र सोयीची होते. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला टांगा, पंख्याजवळ नको. आणि चिमणी आली नाही म्हणून दर महिन्याला जागा बदलू नका, एक वर्ष तरी थांबा. खरं तर घरट्यापेक्षा तिला पिल्लांना भरवायला अळ्या-किडे लागतात, म्हणून सोसायटीच्या बागेत औषध फवारणी कमी करून घेतलीत तर जास्त उपयोग होईल, पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत त्यामुळे ते कोणी करत नाही.

आता महत्त्वाचं. मार्च ते जून हा बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा काळ. एकदा आमच्याच एकाला माळावर टिटवीची चार अंडी दिसली, उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी. त्याने ग्रुपवर जागा टाकली. दोन दिवसांत सात-आठ जण फोटो काढून आले, प्रत्येक वेळी टिटवी उठून ओरडत डोक्यावर घिरट्या घालणार, अंडी उन्हात उघडी. तिसऱ्या दिवशी अंडी नव्हती. कावळ्यांनी नेली की कुत्र्यांनी, माहीत नाही, पण रस्ता आम्ही दाखवला होता. टिटवी जवळपास महिनाभर उबवते आणि भर उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंडी गार ठेवते. एवढं करणाऱ्या पक्ष्याला आपण फोटोसाठी उठवायचं?

म्हणून आमच्याकडे आता नियम आहेत. घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही. घरटं असलेल्या फांदीखाली थांबायचं नाही, बघितलं न बघितल्यासारखं करून पुढे जायचं. पाना-फांद्या बाजूला सारून फोटो काढायचा नाही. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आला, आणि पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो. अंडी-घरट्यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा सांगण्यापेक्षा ही टिटवीची गोष्ट सांगितली की लोक जास्त ऐकतात.

मग घरट्यांच्या दिवसांत बघायचं काय? वागणं बघायचं, लांबून. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर चोचीतून उंबर-पिंपळाची फळं आणून फटीतून देतो. नर कुठल्या दिशेने येतो, किती वेळाने येतो, एवढं दुर्बिणीतून मोजलं तरी सकाळ मजेत जाते. कोकीळ नर काळा आणि ओरडणारा, मादी ठिपक्याठिपक्यांची, दोघं मिळून कावळ्याला कसं फसवतात ते तर कुठल्याही कॉलनीत दिसतं. तांबट दिवसभर टुक टुक करत वाळक्या फांदीत भोक पाडत बसतो.

या तांबटावरून सोसायटीत एक काम निघतं. एप्रिल-मे आला की पावसाच्या आधी फांद्या छाटायची घाई होते आणि वाळकी फांदी म्हणजे धोकाच असं सगळ्यांना वाटतं. रस्त्यावर लोंबणारी काढावीच लागते, मान्य. पण मागच्या बाजूची, कोणाच्या डोक्यावर पडणार नाही अशी वाळकी फांदी ठेवा म्हणून सेक्रेटरी काकांशी बोला. छाटणीच्या आदल्या दिवशी दोघांनी झाडाखाली अर्धा तास बसून बघायचं, कोणी काडी किंवा अळी घेऊन परत परत येतंय का. येत असेल तर तेवढं झाड महिनाभर पुढे ढकला. शहरात झाड तोडायला-छाटायला महापालिकेची परवानगी लागते, ती आहे का हे गोड शब्दांत विचारायला हरकत नाही.

वैशाख: पाणी, आणि नको ती झाडं

पाण्याचं भांडं मातीचं, पसरट, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येतं. सावलीत, मांजर दबा धरून बसू शकणार नाही अशा मोकळ्या जागी. रोज घासून धुवायचं, नुसतं वरून भरत राहिलं तर शेवाळ आणि डासांच्या अळ्या होतात. शेजारी धान्य टाकू नका. धान्याने कबुतरंच वाढतात, मग वरच्या मजल्यावरच्या काकू भांडायला येतात आणि त्यांचं बरोबर असतं.

उन्हाळ्यात ग्रुपला फोन येणार, पिल्लू पडलंय. आधी बघा पिसं आलीत का. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं, आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरांपासून वाचवायला झुडपात किंवा जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. पिसं नसलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. जखमी असेल किंवा उन्हाने घार वगैरे खाली पडली असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर एकाच दिवशी मोठी गणना असते. थंडीचे पाहुणे तोपर्यंत गेलेले असतात. पुण्याजवळ नदीवरच्या कवडीपाटला हिवाळ्यात चक्रवाक बघितलेल्यांना मे मध्ये तिथे बंधाऱ्याला अडकलेलं प्लॅस्टिकच जास्त दिसेल, पण तेव्हाच स्वच्छतेला जायचं, पाणी कमी असतं. फक्त सगळं साफ करायच्या नादात काठाचं पाणकणीस उपटू नका, पाणकोंबड्या त्यातच राहतात.

शेवटचं, आणि यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. जूनच्या वृक्षारोपणाची तयारी मे मध्ये सुरू होते, कंपन्या रोपं द्यायला तयार असतात, आणि सगळ्यांना मोकळा माळ दिसला की हात शिवशिवतात. माळ मोकळा नसतो. चंडोल, टिटवी, रातवा, सगळे तिथेच जमिनीवर अंडी घालतात, गवत हेच त्यांचं जंगल. पुण्याच्या टेकड्यांवर आधी उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावून ठेवलीयत, खाली धड गवत येत नाही. रोपं लावायचीच तर जिथे आधी झाडं होती तिथे, सोसायटीत, रस्त्याकडेला, आणि वड, उंबर, पांगारा, काटेसावर अशी. माळावर फक्त कचरा उचला आणि खड्डे खणणाऱ्यांना चहा पाजून खाली आणा.

मे सरताना पावशा पेर्ते व्हा म्हणून ओरडून डोकं उठवतो, चातक येतो, आणि एक दिवस दाट झाडीतून नवरंगाची दोन सुरांची शीळ येते. ती ऐकली की आमचा रविवार अर्धा तास उशिरा सुरू होतो आणि येताना प्रत्येकाने छत्री आणायची.