टू-व्हील ड्राइव्ह गाडी सड्यावर न्यायची तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली काजूची बाग, पेडण्याकडचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, सांग्यातला मातीचा रस्ता, इथवर जायला फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, लागतेच असं नाही. दोनच चाकांना ताकद देणारी साधी बोलेरो किंवा ब्रेझाही जाते, फक्त पैसे योग्य क्रमाने खर्च करायला हवेत. आधी टायर, मग तळाचं संरक्षण, मग अडकल्यावर बाहेर निघायची साधनं. दुकानात सगळ्यात आधी दाखवतात ते लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि छतावरची लाइट-पट्टी या क्रमात कुठेच बसत नाहीत.

ताकद कुठल्या चाकांना जाते हे आधी पाहा. बोलेरो, टू-व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ किंवा थार मागच्या चाकांवर चालतात. चढावर वजन मागे सरकतं आणि त्यांची पकड वाढते. ब्रेझा, क्रेटा, टू-व्हील ड्राइव्ह डस्टर पुढच्या चाकांवर चालतात; चढावर नेमकी तीच चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. निसरडा चढ छोटा असेल तर अशी गाडी रिव्हर्समध्ये चढवणं हा जुना उपाय आहे, आणि तो चालतो. एक दोष मात्र दोघींतही आहे. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर, साधा असेल तर एक चाक हवेत गेलं की तेवढंच गरगर फिरतं, जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. म्हणून खड्डा तिरका ओलांडू नका, गाडी अडकते ती बहुतेक तिथेच.

टायरवर हात आखडू नका. कंपनीचे हायवे टायर काढून त्याच मापाचे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) घाला, स्टेपनीसकट. जांभ्याच्या कडा टायरची बाजू कापतात, म्हणून बाजूची भिंत जाड असलेला टायर निवडा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. मोठं माप घेण्याचा मोह होतोच, तर हिशेब करून बघा. २१५/६५ आर१६ चा व्यास सुमारे ६८६ मिमी, २१५/७० आर१६ चा ७०७. गाडी उचलली जाते व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ११ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ८२.५ ने पळते, पिकअप मंदावतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासू शकतो. चिखलासाठीचे मड-टेरेन टायर तर इथे नकोच. चोर्ला घाटाच्या ओल्या डांबरावर त्यांचा ब्रेक लांब लागतो, आणि आपलं बरंचसं अंतर डांबरावरच कापायचं असतं. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे मात्र कुठलाही टायर घसरतो. तो तुकडा पायी जाऊन बघा आणि जमलं तर टाळाच.

हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त बदल. डांबरावर ३२ पीएसआय असेल तर दगड-मातीच्या वाटेवर २४ करा, वेग ४० च्या आत. मऊ चिखलात १८ पर्यंत चालेल, पण वेग २० च्या खाली आणि वळणं हळू. त्याहून खाली गेलात तर टायरची कड रिममधून निसटते. परतताना डांबर लागायच्या आधी हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फुटेल. १२ व्होल्टचा मोठा कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटवर लावलात तर फ्यूज उडेल. बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडा आणि इंजिन चालू ठेवा.

आता तळ. बऱ्याच गाड्यांना खाली प्लास्टिकचं कव्हर असतं, ते चिखल अडवतं, दगड नाही. इंजिनचा संप (खालचं ऑइलचं भांडं) आणि गिअरबॉक्स झाकेल अशी पत्र्याची प्लेट बनवून घ्या. ६० × ८० सेंमीची प्लेट ३ मिमी लोखंडात साधारण ११ किलो भरते, ५ मिमी अॅल्युमिनियममध्ये साडेसहा. पुढच्या चाकांवरच्या गाडीला नाकावर थोडं वजन चालतं, तिथे लोखंड पुरे. प्लेट सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीच्या) मूळ भोकांतून ८.८ ग्रेडच्या बोल्टने बसवा. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, गाडीच्या पत्र्यावर वेल्डिंग करू देऊ नका, आघात थेट बॉडीत जातो. संप आणि प्लेट यांत २०-२५ मिमी अंतर हवं. प्लेट संपला टेकली असेल तर दगडाचा मार संपलाच बसतो. ऑइल काढायला ड्रेन प्लगखाली भोक ठेवा, चिखल धुवायला चार-पाच फटी.

प्लेट बसवली की एक नवा धोका येतो. काजूच्या हंगामात बागेत वाळलेल्या पानांचा थर असतो आणि तो प्लेटवर साचतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला असतोच, बीएस६ डिझेलमध्ये काजळीच्या फिल्टरची सफाई चालू असेल तर आणखी. पानांवर गाडी उभी करू नका आणि बाहेर आल्यावर खाली वाकून प्लेट साफ करा.

मागच्या चाकांवरच्या गाडीत अॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं छिद्र, वर नेणं हा दहा मिनिटांचा पण मोलाचा बदल. तापलेला अॅक्सल व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते. आतलं ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंग जातात. ब्रीदरच्या टोकाला ऑइल सोसणारी रबरी नळी क्लिपने लावा, चेसिसला बांधत वर न्या, टोक खाली वळवून त्यावर छोटा फिल्टर बसवा. चाक पूर्ण खाली लटकलं तरी ताणणार नाही इतकी ढील ठेवा.

तरी पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल तर जाऊ नका. काठीने खोली मोजा. पाणी वाहतं असेल तर गुडघाभरही नको. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

लिफ्टबद्दल थोडक्यात. स्प्रिंगखाली स्पेसर घातला की अलाइनमेंट बिघडते; पुढच्या चाकांवरच्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही वाढतो आणि त्याच्या सीव्ही जॉइंटचा बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, फाटतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. गाडीपुढे लावायच्या लोखंडी बुल-बारवर डिसेंबर २०१७ पासूनच बंदी आहे. जे बदल कराल ते विमा कंपनीला कळवा.

डिकीत फावडं, ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खडबडीत पट्ट्यांची) जोडी, हातमोजे, आणि जॅकखाली ठेवायला ३० × ३० सेंमीचा जाड प्लायवूड. गाडीबरोबर येणारा आट्यांचा टो-हुक सरळ, हळू ओढण्यापुरताच आहे. झटका दिला तर तो गोळीसारखा सुटतो. बोलेरो-स्कॉर्पिओला चेसिसच्या रेलवर बोल्टने बसणारा हुक लावून घ्या, ४.७५ टनांचे शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) वापरा. दोरावर जड चटई टाका, माणसं दूर उभी करा. पण आधी फावडंच: चाकापुढची माती काढा, बोर्ड घाला, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. मागचं एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून बघा, ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. मात्र हा ब्रेक केबलचा हवा. बटणाचा असेल तर हे जमत नाही.

जायचं कुठे हेही ठरवून निघा. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत, परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे. दूधसागरला कुळ्याहून नोंदणीकृत जीपच जातात. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावर तर चाक घालूच नका: बांध खचला तर खारं पाणी शेतात शिरतं. बागा आणि खाणीच्या वाटा कुणाच्या तरी मालकीच्या असतात, आधी विचारा.

लाल माती वाळली की रेडिएटरच्या जाळीत आणि मागच्या ब्रेक ड्रममध्ये घट्ट बसते. त्याच दिवशी कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जाळी शक्य तिथे इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, जोराच्या फवाऱ्याने तिच्या पट्ट्या वाकतात. प्लेटचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर ढिले झालेले सापडतात, ते पान्याने पुन्हा आवळा आणि सीव्ही बूटवर हात फिरवून ग्रीस लागतंय का ते पाहा.