फायनल, आणि समोर नेमके तेच: संघ व्यवस्थापकाची तयारीची यादी

फुटबॉल करंडकाची फायनल, आणि समोर तोच संघ ज्याचं नुसतं नाव काढलं तरी आपल्या पोरांच्या भुवया चढतात. अशा सामन्याला जोश कमी पडत नाही, उलट हवा त्यापेक्षा दुप्पट असतो. संघ व्यवस्थापकाची काळजी वेगळीच असते. ऐन वेळी काहीही ठरवायची पाळी येऊ नये, एवढंच त्याला हवं असतं, कारण त्या वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, तुमचंही नसतं. म्हणून जे ठरवता येण्यासारखं आहे ते आठवडाभर आधी ठरवा आणि कागदावर उतरवा. मी ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं लिहितोय.

पहिलं काम स्पर्धेचं नियमपत्रक. वाचलंय, माहितीये, असं म्हणू नका. एकेका ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचा. बरोबरी झाली तर जादा वेळ आहे की थेट टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी मारून निकाल? आधीच्या फेऱ्यांतली पिवळी कार्डं फायनलला धरतात की पुसली गेली? दोन्ही संघांचे रंग सारखे निघाले तर जर्सी बदलायची कुणी? यादी किती वाजेपर्यंत द्यायची? बदली खेळाडूंचं कलम प्रशिक्षकाला मोठ्यानं वाचून दाखवा. जिथे 5 बदल्यांची मुभा असते तिथे त्या खेळ थांबवून 3 वेळांतच करायच्या असतात. मध्यंतरातली बदली त्या तिनांत धरत नाहीत. जादा वेळेत आणखी एक बदली मिळते, पण स्पर्धेनं तसं मान्य केलं असेल तरच. एकेक करून तीनदा बदली केलीत, तर उरलेले दोघं हातात असूनही बाकावरच राहतात. हे गणित सत्तराव्या मिनिटाला तोंडी करू नका.

यादी लिहिताना बदली खेळाडूंची नावं दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. सामन्याआधी पंचांकडे ज्याचं नाव गेलं नाही त्याला उतरवता येत नाही. एका फायनलला मी बदली गोलरक्षकाचंच नाव लिहायला विसरलो होतो. पोरगा हातमोजे चढवून पूर्ण सामनाभर बाकावर बसला, आणि मी पूर्ण सामनाभर आमच्या गोलरक्षकाच्या गुडघ्याकडे बघत बसलो. काही झालं नाही. पण तेव्हापासून यादी मी लिहितो आणि सहायक प्रशिक्षक वाचतो.

आता बॅग. ही आदल्या रात्री भरायची आणि भरल्यावर कुणालाही उघडू द्यायची नाही. जर्सीचे दोन संच, गोलरक्षकाच्या दोन वेगळ्या रंगांच्या जर्सी, शिनगार्डच्या, म्हणजे नडगीवर बांधायच्या ढालींच्या, चार जादा जोड्या (विसरणारा एक असतोच, आणि शिनगार्डशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही), बुटांच्या तळाचे स्टड बदलायची चावी, बुटांच्या जादा लेस, हवा भरायचा पंप आणि त्याच्या दोन सुया. गोलरक्षकाच्या हातमोज्यांच्या दोन जोड्या, आणि ते ओले करायला वेगळी पाण्याची बाटली. बिननंबरी जर्सी किमान दोन. ही चैन नाही. कपाळ फुटलं की रक्त थांबेपर्यंत खेळाडूला बाहेर बसावं लागतं आणि रक्ताचा डाग असलेल्या जर्सीत परत जाता येत नाही. मलमपट्टी होईपर्यंत जर्सी हातात तयार हवी, आणि बदललेल्या नंबराची खबर पंचांना द्यायची जबाबदारी तुमची.

चिकटपट्टीचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे इथेच अडकतात. मोज्यावर बाहेरून गुंडाळायची पट्टी मोज्याच्याच रंगाची लागते. आमच्याकडे मोजे लाल आणि पट्टी पांढरी. मैदानात जायच्या रांगेत चौथ्या पंचांनी एकेकाचे पाय बघितले आणि सहा जणांना बाजूला काढलं. नखानं पट्टी सोलायला बसलेले सहा खेळाडू, आणि शेजारच्या रांगेतून त्यांच्या कर्णधाराचं ते हसू! तेव्हापासून मी लाल पट्टीची चार रिळं बाळगतो. आतून घालायचा बनियनवजा शर्ट बाहीच्या रंगाचा असावा लागतो, तेही तपासा. अंगठी, साखळी, मनगटातला रबरी बँड, सगळं काढायचं. वरून पट्टी गुंडाळून झाकलेलं चालत नाही. अंगठी निघतच नाही म्हणणाऱ्यासाठी साबणाची वडी ठेवा. निघते.

टायब्रेकरवर मात्र एक अख्खी संध्याकाळ खर्ची घाला. पहिले पाच जण कुणीही ठरवतो. मी 1 ते 11 क्रम लावायला सांगतो. 27 फेब्रुवारी 2022 ला वेम्बलीवर इंग्लंडच्या लीग कपच्या फायनलमध्ये चेल्सी आणि लिव्हरपूल 120 मिनिटं गोलशून्य राहिले आणि मग दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणांना पेनल्टी मारावी लागली. लिव्हरपूलचा गोलरक्षक केलेहरनं आपली जाळ्यात घातली. चेल्सीनं खास टायब्रेकरसाठी म्हणून अगदी शेवटी उतरवलेला गोलरक्षक केपा मात्र एकही पेनल्टी अडवू शकला नाही, आणि बाविसावी पेनल्टी त्याची स्वतःची होती. ती त्यानं बारवरून भिरकावली. 11-10. तुमचा अकरावा कोण? बहुधा गोलरक्षकच. त्याला सरावात पेनल्टी मारायला शेवटची कधी लावली होती, ते आठवून बघा.

अकरा नावंही पुरत नाहीत. शेवटची शिट्टी वाजते तेव्हा जे मैदानावर असतील त्यांनाच मारता येते, आणि तोवर तीन-चार जण बदललेले असतात. म्हणून संघातल्या सगळ्यांचाच क्रम लावा आणि सामना चालू असताना बाहेर आलेल्यांवर काट मारत जा. क्रम पंचांना आधी सांगावा लागत नाही, त्यामुळे एखाद्याच्या पोटरीत गोळा आला तर अदलाबदल करता येते. त्यांच्याकडचा एक लाल कार्डावर बाहेर गेला असेल तर आपल्यालाही एक कमी करून संख्या बरोबर करावी लागते, कुणाला वगळायचं तेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर मध्यरेषेवर "मला का?" सुरू होतं. गोलरक्षकाला दोन गोष्टी सांगा: चेंडू मारला जाईपर्यंत एक पाय गोलरेषेवर हवा, आणि सामन्यात मिळालेलं पिवळं कार्ड टायब्रेकरमध्ये मोजलं जात नाही.

सराव करताना नुसत्या पेनल्टी मारू नका. दमवणारा सराव संपल्यावर सगळ्यांना मध्यरेषेवर उभं करा आणि एकेकाला तिथून एकट्यानं चालत पाठवा. बाकीच्यांना त्याच्या नावानं ओरडू द्या. आमचा एक पोरगा डोळे मिटूनही कोपरा काढायचा. चालत जायला लावल्यावर तीनपैकी दोन हुकल्या. त्यानं स्वतःहून सांगितलं, मला सातवा ठेवा. एवढं कळलं तरी ती संध्याकाळ वसूल.

टायब्रेकरसाठी गोलरक्षक बदलायचा बेत असेल तर दोघांनाही त्या आठवड्यातच, समोरासमोर बसवून सांगा. त्याच केपानं 2019 च्या लीग कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध बाहेर यायला नकार दिला होता. त्याच्या जागी जायचा कॅबायेरो रेषेवर उभा, प्रशिक्षक सारी संतापानं लाल, आणि अख्खं जग हा तमाशा बघतंय. चेल्सी टायब्रेकरमध्ये हरली. बदलीनं निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही, पण तो घोळ तरी टळला असता.

आता खेळ. डावपेच प्रशिक्षकानं आखायचे, पण चार प्रसंगांची उत्तरं लेखी मागून घ्या. पहिला प्रसंग, सुरुवातीलाच गोल खाल्ला तर. 2023 च्या इंग्लंडच्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड समोरासमोर आले आणि सिटीच्या गुंडोगाननं बाराव्या सेकंदाला गोल केला. लोक अजून जागेवर टेकायचे होते! युनायटेडनं मध्यंतराआधी पेनल्टीवर बरोबरी साधली, पण उत्तरार्धात गुंडोगाननंच दुसरा मारला आणि सिटी 2-1 नं जिंकली. गोल खाल्ल्यावर चेंडू जाळ्यातून कोण काढणार, मध्यभागी कोण नेणार आणि पुढची पाच मिनिटं काय करायचं, हे ठरलेलं असावं. एरवी या सामन्यात आपले अकराही जण त्याच मिनिटाला हिशेब चुकता करायला धावतात.

दुसरा प्रसंग, आपण दहाच उरलो तर. 3 सप्टेंबर 2023 ला ड्युरँड कपची फायनल कोलकात्यात होती, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. बासष्टाव्या मिनिटाला मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे बाहेर. नऊ मिनिटांनी दिमित्री पेट्राटोसनं गोल केला आणि दहा जणांचा बागान 1-0 नं जिंकला. दहा जणांची रचना सरावात निदान वीस मिनिटं खेळून बघा. नऊ जणांची नको, पोरं घाबरतात.

तिसरा, चेंडू कुणाचा? 2024 ला मँचेस्टरचे तेच दोन संघ पुन्हा एफए कपच्या फायनलला आले. सिटीचा गोलरक्षक ओर्टेगा पुढे आलेला असताना त्याच्याच संघातल्या ग्वार्डिओलनं चेंडू डोक्यानं त्याच्या मागे ढकलला आणि युनायटेडच्या गार्नाचोनं रिकाम्या जाळ्यात सारला. युनायटेड 2-1. घोंगावणाऱ्या गर्दीत "माझा!" ही हाक ऐकूच येत नाही. आम्ही सरावात कर्णा लावून आवाज करतो आणि हाकेच्या जोडीला हाताची खूण ठरवतो.

चौथा, पंचांशी बोलायचं कुणी? फक्त कर्णधारानं. कर्णधारच गोलरक्षक असेल तर मैदानातला दुसरा एक जण आधी नेमून पंचांना सांगून ठेवा. आणि गोलरक्षकाच्या डोक्यात भरवा की चेंडू हातात 8 सेकंदच. 2025-26 च्या हंगामापासून त्याहून जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर जातो. आघाडीवर असलेला गोलरक्षक चेंडू कवटाळून बसतो, ही सवय एका आठवड्यात मोडणं अवघड आहे. रोज मोठ्यानं आकडे मोजा.

हाडवैऱ्याशी खेळताना आणखी एक यादी लागते, ती माणसांची. त्यांच्याकडून आपल्याकडे आलेला खेळाडू कोण? प्रत्येक स्पर्शाला त्याच्या नावानं हुर्यो होणार; त्याला आधी सांगा, आणि पहिले दोन-तीन पास सोपेच द्यायला बाकीच्यांना सांगा. आपला चटकन पेटणारा कोण, हे त्यांनाही माहीत असतं, ते त्यालाच डिवचणार. त्याच्या शेजारी खेळणाऱ्या थोराड पोराला कामाला लावा: धक्काबुक्की सुरू झाली की ह्याला कंबरेत धरून बाजूला न्यायचं, दुसरं काही बघायचं नाही.

सामन्याआधीच्या आठवड्यात तोंडं बंद. 13 जुलै 1997 ची फेडरेशन कपची उपांत्य लढत आठवा, पुन्हा तेच मोहन बागान-ईस्ट बंगाल, सॉल्ट लेकवर लाखाच्या वर माणूस. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी आधी प्रतिस्पर्ध्यांची जाहीर टिंगल केली होती. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जींना संघ पेटवायला वेगळं काही शोधावं लागलं नाही. बायचुंग भुतियानं तीन गोल मारले, ईस्ट बंगाल 4-1. तुमच्या पोरांचं मोबाइलवरचं स्टेटस त्यांच्या ड्रेसिंगरूममध्ये छापून चिकटवलं जाईल, एवढं सांगितलं की बहुतेकांना कळतं. न कळणाऱ्याचा मोबाइल मागून घ्या.

बाकावरच्यांची तयारी सगळ्यात शेवटी आठवते आणि सगळ्यात महाग पडते. 26 एप्रिल 2025 ला सेव्हियात कोपा देल रे या स्पेनच्या करंडकाची फायनल बार्सेलोनानं रेआल माद्रिदविरुद्ध 3-2 नं जिंकली, कुंडेनं 116 व्या मिनिटाला गोल केला. बदलून बाहेर आलेल्या रेआलच्या रुडिगरनं अखेरीस रागाच्या भरात पंचांच्या दिशेनं वस्तू भिरकावली, लाल कार्ड घेतलं आणि 6 सामन्यांची बंदी ओढवून घेतली. बदलून आलेला खेळाडू सर्वात तापलेला असतो. त्याला टॉवेल, पाणी आणि बाकाच्या पार टोकाची जागा, पंचांपासून लांबची. आमच्याकडे मालिशवाला त्याच्याशेजारी बसतो आणि गरज असो नसो, त्याची पोटरी हातात धरून ठेवतो.

निकाल लागल्यावरचंही लिहून ठेवा. हरलो तर रांग करून हस्तांदोलन, पदकं घ्यायची, गळ्यातून लगेच काढायची नाहीत. जिंकलो तर त्यांच्या प्रेक्षकांसमोर नाच नाही. जर्सी बदलायला परवानगी आहे का, ते आधी सांगा. जादा संच नसेल तर नाहीच. करंडक कुणाच्या हातात, हेही ठरवा. 2011 ला रेआलनं बार्सेलोनाला हरवून कोपा देल रे घेतला आणि मिरवणुकीत सर्जिओ रामोसच्या हातून तो उघड्या बसवरून खाली पडला, वर तीच बस त्याच्यावरून गेली. आमच्याकडे करंडक गाडीत माझ्या मांडीवर असतो.

मग ओल्या जर्सी वेगळ्या पिशवीत, नंबरवार मोजून. बिननंबरी दोन धरायला विसरू नका.