इयर टेनला इंग्रजीचा कोर्स निवडताय? या चुका टाळा

न्यू साउथ वेल्समध्ये एचएससीला, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षेला, सक्तीचा विषय एकच, इंग्रजी. आणि इयर टेनला विषयनिवडीचा फॉर्म घरी येतो तेव्हा आपल्या मराठी घरांत सगळ्यात कमी चर्चा होते तीही याच विषयाची. मॅथ्स एक्स्टेन्शन घ्यायचं का, फिजिक्स सोडायचं का, यावर रात्र रात्र खल होतो. इंग्रजीचं मात्र "मैत्रिणीने अॅडव्हान्स्ड घेतलंय ना, मग आपणही तेच" एवढ्यावर भागतं. मी सिडनीच्या पश्चिम भागात इयर इलेव्हन-ट्वेल्व्हच्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्याच चुका दर वर्षी नव्या घरात होताना पाहून जीव तुटतो, कारण फॉर्म भरण्याआधी अर्धा तास नियम वाचले तर यातल्या बहुतेक टळतात.

आधी पर्याय. दोन युनिटचे (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप) चार कोर्स आहेत: अॅडव्हान्स्ड, स्टँडर्ड, ईएएलडी म्हणजे ज्यांचं शिक्षण मुख्यतः दुसऱ्या भाषेत झालंय त्यांच्यासाठीचा कोर्स, आणि इंग्लिश स्टडीज. अॅडव्हान्स्ड घेणाऱ्याला वर एक युनिटचं एक्स्टेन्शन वन घेता येतं, आणि तेही करणाऱ्याला इयर ट्वेल्व्हमध्ये एक्स्टेन्शन टू.

"इंग्रजी काय, पास झालं की झालं"

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि ती येते कुठून तेही मला कळतं. आपण महाराष्ट्रात शिकलो तेव्हा इंजिनिअरिंगला भौतिक, रसायन, गणित आणि सीईटी. मेडिकलचं सगळं लक्ष जीवशास्त्रावर आणि प्रवेश परीक्षेवर. बारावीच्या इंग्रजीच्या पेपराची तयारी आदल्या आठवड्यात व्हायची आणि त्याने कुणाचा प्रवेश अडला नाही. तोच हिशोब आईवडील इथे घेऊन येतात.

इथला हिशोब वेगळा आहे. विद्यापीठ प्रवेशासाठीचा क्रमांक, म्हणजे एटार, काढताना यूएसी ही प्रवेशांचं काम पाहणारी संस्था मुलाची दहा युनिट धरते. प्रत्येक युनिट पन्नासपैकी, एकूण पाचशे. या दहांत इंग्रजीची सर्वोत्तम दोन युनिट असलीच पाहिजेत. म्हणजे पाचशेतले शंभर, पाचवा हिस्सा, इंग्रजीचा. उरलेली आठ युनिट बाकीच्या विषयांतून, जी सर्वांत चांगली असतील ती.

एका मुलाचं गणित असं होतं की मॅथ्स एक्स्टेन्शन टूचे प्रश्न तो जेवता जेवता सोडवायचा. त्याने बारा युनिट घेतली होती. अॅडव्हान्स्ड इंग्रजी होतं, पण त्याला वेळ आठवड्याला एक तास, तोही माझ्यासमोर बसेल तेवढाच. मी वडिलांना दोन-तीनदा सांगितलं, ते मान हलवायचे. ऑगस्टमध्ये ट्रायल परीक्षेचे गुण आले तेव्हा त्यांनी मनातलं बोलून दाखवलं: "मॅडम, बारातली दहाच धरतात ना? खालची दोन गळतात. ती इंग्रजीची गळतील." दोन वर्षं घर या समजुतीवर चाललं होतं. मी यूएसीचा नियम त्यांच्यासमोर उघडून वाचून दाखवला. एचएससीला तेव्हा दोन महिने उरले होते आणि शाळेतल्या असेसमेंटचे, म्हणजे निम्मे गुण जवळपास ठरून गेले होते. शेवटी गळाली ती केमिस्ट्रीची युनिट, ज्यात त्याला इंग्रजीपेक्षा कितीतरी बरे गुण होते. हवा असलेला इंजिनिअरिंगचा कोर्स पहिल्या फेरीत हुकला. मुलगा हुशार, मेहनती. त्याचं नुकसान न वाचलेल्या एका ओळीने केलं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घरात मी पहिल्या भेटीत एक कागद मागते. त्यावर मुलाने घेतलेली सगळी युनिट लिहायची, इंग्रजीच्या दोन युनिटांभोवती चौकोन करायचा आणि मग आठवड्याचे अभ्यासाचे तास प्रत्येकासमोर टाकायचे. इंग्रजीसमोरचा आकडा पाहिल्यावर पुढचं बोलणं सोपं होतं.

स्केलिंगच्या अफवांवर कोर्स निवडणं

"अॅडव्हान्स्डला स्केलिंग वर जातं, स्टँडर्ड घेतलं की एटार बुडाला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याला मी आधी खाली बसवते. स्केलिंग म्हणजे वेगवेगळ्या विषयांचे गुण एका मापावर आणणं; ते कोर्सच्या नावाला बक्षीस देत नाही. एखादा विषय घेतलेली मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत कशी आहेत, यावरून त्या विषयातली स्पर्धा किती कडक होती हे ठरतं. अॅडव्हान्स्डमध्ये एकंदरीत तगडी मुलं बसतात, म्हणून त्याची सरासरी वर जाते. पण त्याच वर्गात तळाला असलेल्या मुलाला वरच्या मुलांची सरासरी उचलून धरत नाही. त्याला त्याच्याच गुणांवर राहावं लागतं.

उलट बाजूही तितकीच खरी. अॅडव्हान्स्ड सहज पेलेल अशा मुलाला "स्टँडर्डमध्ये पहिला नंबर काढ, एटार येईल" म्हणून तिकडे ढकलणारे क्लासवाले आहेत. मला या सल्ल्याचा राग येतो. स्टँडर्डमध्ये बँड सिक्स, म्हणजे सर्वांत वरचा गुणगट, नव्वद किंवा त्यावर गुण, मिळवणारी मुलं फारच थोडी असतात, शेकड्यात एखाद-दुसरं. अॅडव्हान्स्डमध्ये हे प्रमाण तेरा-पंधराच्या आसपास जातं. शिवाय शाळेतला पहिला नंबर जसाच्या तसा पुढे जात नाही. शाळेचे असेसमेंटचे गुण त्याच वर्गाच्या एचएससी परीक्षेतल्या कामगिरीशी जुळवून घेतले जातात. वर्ग परीक्षेत कच्चा पडला तर शाळेने दिलेले गुणही खाली येतात.

मग ठरवायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. फॉर्म भरण्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी मुलाला त्याने कधी न वाचलेली एक कविता आणि दोन पानांचा गद्य उतारा द्यायचा. फोन बाजूला. चाळीस मिनिटं, हाताने लिहायचं, कारण एचएससीचा निबंधही हातानेच लिहायचा असतो. लिहिलेलं घेऊन शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिकेकडे जायचं आणि विचारायचं: हे लिखाण दोन वर्षांनी कुठे पोचेल असं तुम्हाला वाटतं? ज्या मुलाने कवितेबद्दल स्वतःचं काही म्हटलं, भले चुकीच्या स्पेलिंगने, त्याला मी अॅडव्हान्स्ड घ्यायला सांगते. ज्याने कवितेचा फक्त अर्थ लिहून दिला आणि दहा मिनिटांत पेन ठेवलं, त्याला स्टँडर्ड. तिथे तो मन लावून काम करेल आणि त्याची बाकीची आठ युनिटही वाचतील.

ईएएलडीबद्दलचे दोन उलटे गैरसमज

पहिला गैरसमज: "आम्ही घरी मराठी बोलतो आणि दोनच वर्षांपूर्वी आलो, म्हणजे ईएएलडी मिळणारच." नाही. घरी कोणती भाषा आहे याला इथे महत्त्व नाही. इयर इलेव्हन सुरू होण्याआधी इंग्रजी माध्यमात झालेलं शिक्षण, भारतातलं आणि इथलं मिळून, साधारणपणे पाच वर्षं किंवा त्याहून कमी असावं लागतं. पुण्यातल्या सीबीएसई शाळेत पहिलीपासून इंग्रजीत शिकलेलं मूल इथे कालच उतरलं असलं तरी या नियमात बसत नाही. सेमी-इंग्रजीवाल्यांनी घरी बसून निष्कर्ष काढू नये, जुन्या शाळेचे कागद घेऊन इथल्या शाळेला विचारावं. इयर इलेव्हनचं वेळापत्रक लागल्यावर विचारणं म्हणजे फार उशीर.

दुसरा गैरसमज जास्त दुखवतो. सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकलेली एक मुलगी इथे इयर नाइनला आली. नियमात अगदी चोख बसत होती. शाळेने ईएएलडी सुचवलं आणि आईवडील अडून बसले: "ते कच्च्या मुलांचं असतं. विद्यापीठ धरत नाही. लोक काय म्हणतील?" तिला अॅडव्हान्स्डला घातलं. पहिल्याच टर्ममध्ये शेक्सपियर आणि तुलनात्मक निबंध एकदम अंगावर आले. वाचन इतकं हळू की प्रत्येक पानाला शब्दकोश. बायॉलॉजीत ती वर्गात पहिल्या काहींमध्ये होती. इंग्रजीच्या ट्यूशनपायी बायॉलॉजीचा अभ्यास रात्री अकरानंतर सुरू व्हायचा. गुण दोन्हीकडे पडले.

इयर इलेव्हनच्या शेवटी शाळेनेच आईवडिलांना बोलावून कोर्स बदलायला लावला. ईएएलडी एटारमध्ये इंग्रजीची दोन युनिट म्हणून पूर्ण धरला जातो, हे त्यांनी त्या बैठकीत पहिल्यांदा ऐकलं. त्यातही साहित्यकृती असतात, निबंध असतात, शिवाय ऐकून उत्तरं लिहायचा वेगळा पेपर असतो. फरक एवढाच की भाषा घडवायला जागा दिलेली असते. बदलल्यावर तिचं लिखाण महिन्या-दोन महिन्यांत मोकळं झालं, बायॉलॉजी सावरलं आणि तिला हवा होता तो नर्सिंगचा प्रवेश मिळाला. मधलं एक वर्ष मात्र तिने रडून काढलं. समाजात नाव कमी होईल म्हणून मुलीकडून हे करून घेणं मला मान्य नाही आणि मी ते तोंडावर सांगते. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या: एक्स्टेन्शनचा रस्ता फक्त अॅडव्हान्स्डमधून जातो.

पाठ केलेले निबंध

पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, पॉइंटसाठी आपल्यापैकी अनेकांनी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा दिली, टेम्प्लेट पाठ करून दिली, आणि ती चालली. म्हणून मुलालाही "टॉपरचे दहा निबंध पाठ कर" असं सांगितलं जातं. एचएससीचा प्रश्न दर वर्षी फिरवलेला असतो, न वाचलेल्या उताऱ्यांवरचे प्रश्न वेगळेच, आणि प्रश्नाला न भिडणारा सुंदर निबंध मधल्या बँडात अडकतो. हा शॉर्टकट विकणाऱ्यांपासून लांब राहा. एचएससी घेणाऱ्या नेसा या संस्थेच्या संकेतस्थळावर मागचे पेपर आणि गुणदानाचे निकष फुकट आहेत. त्यातला एक प्रश्न आठवड्याला, वेळ लावून, एवढं पुरतं.

थोरल्या भावाच्या नोट्सही जशाच्या तशा वापरू नका. 2026 पासून इयर इलेव्हनला नवा अभ्यासक्रम आला आहे, त्याची पहिली एचएससी 2027 मध्ये.

बाकीच्या, थोडक्यात

एटार म्हणजे टक्के नव्हेत, तो क्रमांक आहे. 80 एटार म्हणजे आपल्या वयोगटातल्या साधारण ऐंशी टक्क्यांच्या पुढे. "फक्त ऐंशी?" असं म्हणून मुलाचं तोंड पाडू नका.

इंग्लिश स्टडीज सोपं म्हणून घेतलंत आणि त्याची ऐच्छिक परीक्षा दिली नाहीत, तर तो विषय एटारला धरला जात नाही, आणि इंग्रजीशिवाय एटार निघतच नाही.

अॅडव्हान्स्डमधून स्टँडर्डमध्ये उतरायचं तर इयर इलेव्हन संपायच्या आत उतरा. इयर ट्वेल्व्हची पुस्तकं वेगळी असतात आणि ते वर्ष ऑक्टोबरमध्येच सुरू होतं. खालून वर चढणं त्याहून अवघड, आणि परवानगी शाळेची लागते. काही सिलेक्टिव्ह, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या, शाळांत स्टँडर्डचा वर्गच नसतो, तिथे हा प्रश्न शाळा निवडतानाच विचारा.

मेलबर्नच्या मावशीचा सल्ला सिडनीत चालवू नका. व्हिक्टोरियात ईएएलची, म्हणजे तिथल्या ईएएलडीसारख्या कोर्सची, मर्यादा ऑस्ट्रेलियात राहिल्याच्या सात वर्षांची आहे, आणि तिथल्या बऱ्याच पदव्यांना इंग्रजीत किमान 25 किंवा ईएएलमध्ये किमान 30 असा स्टडी स्कोअर, म्हणजे विषयाचा गुणांक, लागतो. एटार चांगला असूनही या अटीवर प्रवेश अडू शकतो. क्वीन्सलंडमध्ये इंग्रजीत किमान सी श्रेणी हवी, पण ते गुण एटारमध्ये धरलेच पाहिजेत असं नाही. मात्र तिथे एसेन्शियल इंग्लिश हा सोपा कोर्स घेऊन एटार मिळाला तरी पुष्कळ पदव्यांची इंग्रजीची अट त्याने पूर्ण होत नाही. राज्य बदलायचा विचार असेल तर हव्या असलेल्या पदवीचं पान उघडून इंग्रजीची अट आत्ताच वाचा आणि तिची प्रिंट फॉर्मला टाचून ठेवा.