लेकीच्या अमेरिकेतल्या गावाची मोजणी

तळजाईच्या टेकडीवर सकाळी आमचा जो घोळका जमतो, त्यातल्या निम्म्यांची मुलं अमेरिकेत आहेत. बहुतेकांची न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात. तिथं देऊळ, वडापाव, गणपती सगळं मिळतं. माझी लेक नेब्रास्कात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या विभागाच्या, मुख्य गावात डॉक्टर आहे. पहिल्या खेपेला सहा महिने तिथं राहिलो तेव्हा पंधरा दिवसांत भिंती मोजायची वेळ आली. मग लक्षात आलं, की जन्मभर गावंच मोजली, आता हेही मोजू. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. दुसऱ्या खेपेची सगळी तयारी धनकवडीत बसूनच केली. ती कशी केली ते सांगतो, कारण ‘तिकडे करमत नाही हो’ ही तक्रार टेकडीवर रोज ऐकतो.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. आपल्याकडे माणूस आधी, मोजणी मागाहून. इंदापूर शेकडो वर्षं नांदत होतं. इंग्रजांनी तिथं पाहणी करून १८३६ साली सारा ठरवला. प्रेअरीच्या या गवताळ मुलखात उलटं झालं. मोजणी आधी, नकाशा आधी, आणि त्या नकाशावर माणूस येऊन बसला. म्हणून गाव बघायला रस्त्यावर जाऊ नका, कागदापासून सुरुवात करा. मात्र कागद कोरा होता म्हणून जमीन कोरी होती असं समजू नका. दक्षिण नेब्रास्काचा मोठा भाग पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा. करारांवर करार होत त्यांचा मुलूख आक्रसत गेला आणि १८७०च्या दशकात त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं. पुढचं सगळं त्यानंतरचं.

पहिलं काम, गावाचा ‘पत्ता’ काढायचा. हा पत्ता म्हणजे टाउनशिप, रेंज आणि सेक्शन. १७८५च्या कायद्यानं ही पद्धत सुरू झाली. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यात एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर. कॅन्सस आणि नेब्रास्काची हद्द ४० अंश अक्षांशावर आहे, आणि तीच मोजणीची आडवी पायारेषा. टाउनशिपचा आकडा म्हणजे त्या रेषेपासून उत्तरेला कितवी आडवी पट्टी, आणि रेंजचा आकडा म्हणजे पूर्व-पश्चिम कितवी उभी पट्टी. त्यामुळे कागदावर ‘टाउनशिप ५ उत्तर’ दिसलं, की ती पट्टी हद्दीपासून २४ ते ३० मैल उत्तरेला आहे हे बसल्या जागी कळतं. त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ फुटांची. आपल्या दोन साखळ्या म्हणजे त्यांची एक. हे कळलं त्या दिवशी मला नेब्रास्का एकदम घरचं वाटायला लागलं. हिला सांगितलं, तर म्हणाली, आधी चहा प्या.

आता माझी चूक सांगतो, तुमची टळेल. सेक्शनचे आकडे ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात. १ ते ६ पश्चिमेकडे जातात, पण ७ नंबर पुन्हा पूर्वेकडून सुरू होत नाही. तो ६च्या खाली असतो आणि तिथून आकडे पूर्वेकडे परततात. बैलजोडी तास संपलं की वळून शेजारचं तास धरते, तसं. मी प्रत्येक ओळ पूर्वेकडूनच मोजली. गाव सेक्शन १२मध्ये होतं आणि मी पाच मैल पश्चिमेला, कुणाच्या तरी मक्यात ते शोधत होतो. गुगलच्या नकाशावर शोधत होतो म्हणून बरं.

पत्ता मिळाला की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स हे संकेतस्थळ उघडा. राज्य, काउंटी, टाउनशिप, रेंज टाकलं, की सरकारकडून पहिल्यांदा जमीन कुणाला गेली त्याची यादी येते, मूळ दस्ताच्या चित्रासकट. पैसे लागत नाहीत. आपल्याकडे जुना फेरफार काढायला किती चकरा होतात ते तुम्हाला माहीतच आहे. यादीत नाव वाचून पुढं पळू नका, दस्त कोणत्या कायद्याखाली दिला तो रकाना बघा. तिथं २० मे १८६२ असेल, तर तो होमस्टेड कायदा. १६० एकर जमीन, एकूण १८ डॉलर फी, आणि अट ही की पाच वर्षं तिथं राहून जमीन कसायची. म्हणजे दस्त १८७८चा असेल, तर माणूस १८७३च्या आत-बाहेर आलेला. पाच वजा करायचे, एवढं गणित. रकान्यात २४ एप्रिल १८२० दिसलं, तर ती रोख विक्री. तिथं पाच वर्षांचं गणित लागत नाही.

मी एका टाउनशिपचा ३६ खणांचा तक्ता आखून पेन्सिलीनं सालं भरली. अप्पा बळवंत चौकातून मोठा कागद आणला होता, तो जेवणाच्या टेबलावर तीन दिवस पसरलेला होता. तक्ता भरताना दिसलं, की एकाआड एक खण रिकामे राहताहेत. विषम आकड्यांच्या सेक्शनमध्ये होमस्टेडवाला सापडतच नव्हता. कारण त्या जमिनी सरकारनं रेल्वे कंपनीला बक्षीस दिल्या होत्या आणि कंपनी त्या विकत होती. १६ आणि ३६ हे सेक्शन शाळांसाठी राखलेले. म्हणजे बुद्धिबळाचा पट. हा पट स्वतःच्या हातानं भरा, तयार नकाशा बघून ती मजा नाही.

रेल्वेपाशी मात्र जरा रेंगाळा, कारण गावाचा जन्म बहुतेक वेळा तिथंच झालेला असतो. शेतकऱ्यानं गाडीत धान्य भरून आणावं आणि दिवसाउजेडी घरी परतावं, इतक्या अंतरांवर कंपन्यांनी स्टेशनं टाकली आणि स्टेशनाभोवती प्लॉट पाडून विकले. बर्लिंग्टन रेल्वेनं नेब्रास्कातल्या एका मार्गावर गावांना चक्क इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं दिली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनिआटा, केनेसॉ, लोवेल. मला हसू आलं, पण आम्ही तरी काय, सोमवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ! पेठ वसवायची युक्तीही फार वेगळी नव्हती. शेट्याला, म्हणजे पेठेच्या प्रमुखाला, कौल द्यायचा, काही वर्षं करात सूट द्यायची, वाणी-उदमी आपोआप येतात.

गावाचा पहिला आराखडा मिळाला तर रूळ आणि मुख्य रस्ता यांचा काटकोन बघा. इंग्रजी टी अक्षरासारखी मांडणी असेल, रूळ आडवे आणि बाजाराचा रस्ता त्यांना टेकलेला, तर गाव रेल्वेचं लेकरू. मधोमध मोकळा चौक ठेवून त्यात कोर्टहाउस बसवलं असेल, तर आखणाऱ्याच्या मनात पहिल्यापासून काउंटीची गादी, म्हणजे मुख्य गावाचा मान, होता. कोर्टहाउस म्हणजे आपली तालुका कचेरी, न्यायालय आणि दुय्यम निबंधक, सगळं एका छपराखाली.

या गादीसाठी गावं हातघाईवर आली. तुमच्या गावाचं भांडण शोधाच, सहसा सापडतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रं आहेत, त्यांत काउंटीचं नाव आणि ‘काउंटी सीट’ हे शब्द टाका. जुनिआटाचंच बघा. अ‍ॅडम्स काउंटीची कचेरी आधी तिथं होती. शेजारी हेस्टिंग्जला १८७२ साली दुसरी रेल्वे येऊन मिळाली, जंक्शन झालं, आणि काही वर्षांतच कचेरीही हेस्टिंग्जला गेली. हे निदान मतांवर झालं. कॅन्ससच्या ग्रे काउंटीत जानेवारी १८८९मध्ये इंगल्सची माणसं सिमरॉनच्या कोर्टहाउसातली दप्तरं उचलून न्यायला आली आणि भर रस्त्यात गोळीबार झाला. दप्तरासाठी गोळीबार! आमच्या खात्यात दप्तर न्यायला कुणी फुकटसुद्धा येत नसे. पण विचार करा, जिथं दप्तर तिथं वकील, वकिलाशेजारी खाणावळ, खाणावळीशेजारी दुकान.

गावाची वाढ बघायला सर्वांत चांगला कागद म्हणजे सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे. तेही लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. इंचाला पन्नास फूट हे प्रमाण, आपल्या नगर भूमापनाच्या १:५००च्या जवळचं. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी. एकाच गल्लीचे दोन-तीन सालांचे नकाशे शेजारी ठेवा. पिवळं घटून गुलाबी वाढलं, की हाती पैसा आला किंवा मधे आग लागून गेली. तबेला होता तिथं पुढच्या नकाशात मोटारींचं गॅरेज आलं, की काळ बदलला. मी दोन पानांची रंगीत झेरॉक्स काढायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, ‘काका, कुठल्या पेठेचा नकाशा?’

शिरगणती दर दहा वर्षांची आहे, आकडे एका ओळीत लिहून काढा. १८९०ची माणसांच्या नावानिशी यादी शोधू नका. १९२१च्या आगीत तिचं मोठं नुकसान झालं आणि उरलेलीही पुढं बहुतेक नष्ट झाली. नावानिशी याद्या ७२ वर्षांनी खुल्या होतात, म्हणून सध्या १९५०पर्यंतच्या मिळतात. आसपासच्या खेड्यांचे आकडेही काढा आणि मुख्य गावाच्या आकड्यांशेजारी मांडा. १९३०च्या दशकातला दुष्काळ, पुढं ट्रॅक्टर, मोठमोठी शेतं. माणसं कमी लागली आणि खेडी रिकामी झाली. ज्या गावाकडे कचेरी, शाळा, दवाखाना राहिला ते तगून राहिलं. माझ्या लेकीची नोकरी त्याच दवाखान्यात आहे, हे तक्ता पुरा झाल्यावर मला उमगलं.

एवढं घेऊन मग विमानात बसा. तिथं पोचल्यावर कोर्टहाउसात रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे दस्तनोंदणीच्या, खिडकीवर जा आणि सेक्शन-टाउनशिप सांगूनच विचारा. मी तसं विचारलं, तर खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि थेट जाडजूड वही काढून दिली. ‘गावाचा इतिहास हवा’ म्हणालात, तर हातात पर्यटनाचं पत्रक पडेल. इमारतीच्या कोनशिलेवरचं साल टिपा. मग दफनभूमीत एक चक्कर मारा, तक्त्यातली नावं तिथं भेटतात.

शेवटचं, जावयाला गाडी काढायला सांगा आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या शेतरस्त्यानं चला. सरळसोट रस्ता एका ठिकाणी उगाच डावी-उजवीकडे वळतो आणि पुन्हा सरळ होतो. माझा जावई सहा वर्षं त्याला इंजिनिअरची चूक समजत होता. रेखांशाच्या रेषा उत्तरेकडे जवळ येतात, म्हणून चौकोन बसेनासे होतात. ती तूट मोजणीदारांनी दर २४ मैलांवर दुरुस्तीची रेषा आखून काढली. वळण आहे ते त्या रेषेवर. तिथं दोन मिनिटं उतरा, मागून गाडी क्वचितच येते.